छापलंय तसंच विचारायचं

गयाक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोलले. काय बोलले ते ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. ‘गयाबाई कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आहे.’ पोकळी म्हणे! तू म्हणाली असतीस, “बाई, पोकळ हरभऱ्याचा घाटा आसतो.” पण समोर पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायका, भन्तेजी, तुझे मालक काशिनाथदादा मांडवाच्या खांबाला टेकून उभे, आणि माझ्या हातात माईक. माईक हातात आला की माझ्या तोंडून सरकारी मराठी बाहेर पडतं. हा रोग जुना आहे, आणि त्याचा भुर्दंड तूच भरलास.

सांगायचं होतं ते वेगळंच. एकच वाक्य होतं. खर्ड्याला येताना एस.टी.त मनाशी घोळवत आले होते : गयाक्काची नोकरी वरून जागा बंद झाली म्हणून गेली नाही, मी घालवली. एवढंच. ते सोडून बाकी सगळं बोलले आणि खाली बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं.

फार दमलेय, आक्का. चार दिवसांच्या तापात माणूस जातं ही काय रीत झाली? निरोप आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. उरलेला गठ्ठा तपासूनच उठले, कारण उठून करायचं काय ते कळेना. तेव्हापासून अंग जड पडलंय. पण हे आजच लिहून टाकायचं. उद्यावर ढकललं तर मी परत पोकळीवर जाईन.

पहिल्या दिवशी मी तुला कामाचं नाव वाचून दाखवलं होतं, आठवतं? ‘ग्रामीण समुदायातील पक्षाघातग्रस्तांचे स्वव्यवस्थापन.’ तू मान डोलावत ऐकलंस आणि विचारलंस, “म्हंजी वारं गेलेली मानसं ना?” म्हटलं, हो, तीच. अंगावरून वारं गेलेली, एक बाजू लुळी पडलेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं पुढं काय होतं, ती हळूहळू किती करू लागतात, ते विद्यापीठाला बघायचं होतं.

“आनि त्ये दुसरं? स्वव्यवस्था… काय त्ये?”

“आपलं आपण करणं.”

“मंग तसंच लिवायचं की. येवढं लांबड कशाला लावलं?”

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. भिंगारची मुलगी, वडील कँपातल्या डेपोत कारकून. एम.ए. होऊन दीड वर्ष घरी बसले होते. दर रविवारी कुणी ना कुणी बघायला यायचं आणि आई पोहे करून करून वैतागली होती. अशात विद्यापीठाची ही संशोधनाची जागा मिळाली. वर्षाचा करार, काम चांगलं दिसलं तर पुढं वाढवणार. खर्ड्यात बाजारतळामागं खोली घेऊन एकटीनं राहायचं म्हटल्यावर आईनं डोळ्यांना पदर लावला आणि मी मनातल्या मनात उड्या मारल्या. ती जागा मला किती हवी होती ते तुला कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची, कारण तुला तुझी जागा त्याहून जास्त हवी होती.

तुझी जागा म्हणजे क्षेत्रसेविका. खांद्याला लावायची एक पिशवी आणि छातीवर टाचायचा एक बिल्ला. मुलाखतीत विद्यापीठाच्या साहेबांनी विचारलं, “अनुभव काय?” तू म्हणालीस, “सासू.” साहेब माझ्याकडं बघायला लागले. “नऊ वर्सं केलं तिचं वारं गेल्यावर. जाताना पाठीला येक फोड नव्हता.” साहेबांनी नाव लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, “बिल्ल्यावर नाव पुरं लिवत्यात का नुसतं गया?”

तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पुढं कळला, तुझ्याबरोबर घरोघर फिरताना. ज्या ओट्यावर तुझी आई कधी चढली नव्हती त्या ओट्यावर तू बिल्ला लावून बसायचीस, आणि आतून आवाज यायचा, “गयाबाई आल्यात, च्या टाका.” कालपर्यंत तू तिथं ‘ए गये’ होतीस. तू चहा घ्यायचीस, कप खाली ठेवायचीस आणि माझ्याकडं न बघता फॉर्म काढायचीस. मीही बघायचे नाही.

फॉर्म माझा होता. मूळचा इंग्रजी, मराठी मी केलं होतं. दोन आठवडे शब्दकोश घेऊन बसले होते आणि त्या मराठीचा मला भारी अभिमान होता. ‘आपली आंघोळ आपणच करणे जमते का?’ ‘आपले कपडे आपणच घालणे जमते का?’ ‘आपला घास आपणच घेणे जमते का?’ पुढं तीन चौकोन : होय, मदतीने, नाही. तुला शिकवताना मी बजावलं होतं, छापलंय तसंच विचारायचं, एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही, नाहीतर अभ्यास बिघडतो. तू दोनदा म्हणून दाखवलंस. पोपटासारखं.

आणि मग तू मला सांगितलंस. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तेलंगशीच्या वाटेवर, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी बाभळीखाली बसून त्यात पिन खुपसत होते तेव्हा.

“बाई, ह्यो ‘आपन’ जरा घोळ करतोय.”

“कसला घोळ?”

“म्या ‘आपन’ म्हनलं की समदं घर मान हलवतंय.”

मला पिन बोचली होती. ऊन टाळूत शिरलं होतं. मी म्हटलं, “आक्का, ते आदरार्थी आहे. शुद्ध मराठी आहे. छापलंय तसंच विचारायचं.” तू शेजारी टेकलीस. मग माझ्या हातातून चप्पल घेतलीस आणि पिशवीची नाडी काढून अंगठा बांधून दिलास, वर म्हणालीस, “ही शुद्ध चप्पल घालून कोन हिंडतं रानात?”

दुसऱ्यांदा जीपमध्ये. मागं आपण नऊ जण आणि दोन बकऱ्या. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, “‘येकट्याला जमतंय का’ आसं इचारू का?” मी ओरडूनच म्हटलं, “नको, आक्का! फॉर्म विद्यापीठातून पास होऊन आलाय.” बकरीवाला दचकला. तो विषय तू पुन्हा काढला नाहीस.

फॉर्म मात्र सुंदर भरून यायचे. होय, होय, होय. विद्यापीठातून शाबासकीचं पत्र आलं. खर्ड्याच्या पट्ट्यात माणसं इतकी लवकर सुधारतात म्हणून साहेब स्वतः बघायला आले. मी नवी साडी नेसले होते.

कुणाचं घर दाखवायचं ते मीच ठरवलं. हसनचाचांचं. गवंडी माणूस, उजवी बाजू गेलेली, फॉर्मवर सगळं ‘होय’. आपण आत गेलो तर चाचा बाजेवर आडवे, उशीचं टेकण दोरीनं बाजेला बांधलेलं, तोंड एका बाजूला ओघळलेलं. उठून बसवलं तर पोत्यासारखे उजवीकडं कलंडायचे. साहेबांनी फॉर्म बघितला, चाचांकडं बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला.

“आंघोळ कोण घालतं यांना?”

खातूनबी म्हणाली, “आपनच करतो की साहेब.”

“आपण म्हणजे?”

“म्हंजे मी हाय, दोन पोरं हायती. दोघं धरत्यात, मी पानी घालते. आपलं आपनच करतो. शेजारच्यांना थोडंच बोलवतो?” वर ताठ मानेनं म्हणाली, “कुनापुढं हात न्हाई पसरला आजपोत्तर.”

साहेबांनी फॉर्मची घडी केली. माझी साडी एकाएकी मला टोचायला लागली. शंभरावर घरं, आक्का, आणि सगळ्या घरांनी अभिमानानं सांगितलं होतं की आपलं आपणच करतो. माणसाबद्दल विचारतोय असं त्यांना वाटलंच नव्हतं. घराबद्दल विचारतोय असं वाटलं होतं. तू हेच सांगत होतीस.

साहेबांनी आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. करार वाढवायचा की नाही ते खुलासा बघून ठरणार होतं. तुला वाटलं मी आईला बरं नाही म्हणून भिंगारला गेले. आई ठणठणीत होती. मी खुलासा लिहायला गेले होते. स्वयंपाकघरात आई आणि मावशी पुढच्या रविवारचं बोलत होत्या, मुलगा बँकेत आहे, एक बहीण लग्नाची आहे, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून लिहिलं : ‘प्रश्नावलीमध्ये दोष नसून, क्षेत्रसेविकेने प्रश्नांचा आशय समजून न घेता ती राबविल्याने त्रुटी उद्भवल्या आहेत.’ ते वाक्य मला तोंडपाठ आहे. तुझं नाव लिहिलं नाही. तेवढी मी सभ्य होते. क्षेत्रसेविका एकच होती, नाव लिहायची गरजच नव्हती.

महिन्याभरात तुला कमी केल्याचं पत्र आलं आणि मला वर्ष वाढवून मिळालं. मी तुझ्या घरी येऊन सांगितलं, “आक्का, वरून जागाच बंद केली गं.” तू भाकरी थापत होतीस. थापलेली तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. मग उठून आत गेलीस आणि पिशवी आणलीस. धुऊन ठेवलेली होती. बिल्ला छातीवरच होता, तो काढताना पिन अडकली, तर मी पुढं झाले आणि काढून घेतला. माझ्या हातांनी, आक्का.

“आनि तुमची जागा, बाई?”

“माझी आहे अजून.”

“बरं झालं. दोगींची गेली आसती तर काय घ्या.” आणि मला गरम भाकरी वाढलीस. मी खाल्ली. दोन खाल्ल्या.

नव्या फॉर्ममध्ये मी ‘आपणच’ काढून ‘एकट्याने’ घातलं. तुझाच शब्द. साहेब म्हणाले, छान सुचलं. मी थँक्यू म्हटलं.

तू घरी बसशील असं मला वाटलं होतं. बसायला तू काय मी होतीस! तू हिंडतच राहिलीस. पिशवी नाही, बिल्ला नाही. “आता फारम न्हाई, दोनी हात मोकळं,” म्हणायचीस. कुठल्या ओट्यावर अजून चहा यायचा आणि कुठं तुला पुन्हा खाली उभं राहावं लागायचं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणूनच विचारलं नाही.

हसनचाचांचं तर तू मनावरच घेतलंस. त्यांचाच ओळंबा हुडकून काढलास, भिंत सरळ आहे का ते बघायचं गवंड्याचं वजन आणि दोरी, आणि बाजेसमोर आढ्याला टांगलास. “चाचा, भीत वाकडी चाललीया तुमची, बगा जरा.” चाचा बसल्या बसल्या दोरीकडं बघायचे आणि कलंडलेलं अंग इंचाइंचानं सरळ करायचे. गवंड्याला वाकडी भिंत बघवत नाही, हे तुलाच कळणार. तिसऱ्या महिन्यात ते टेकणाशिवाय बसले. नव्या फॉर्मवर त्यांच्या आंघोळीपुढं ‘मदतीने’ अशी खूण झाली. ओळंब्याला चौकोन नव्हता. रिपोर्टात मी तो घातलाही नाही.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. तू म्हणायचीस, खातूनबीचं उत्तर चुकलं नव्हतं. “येक जन येकट्यानं आंघूळ करतोय आन् घरात इचारायला कुत्रं न्हाई, आन् येकाला तिघं मिळून घालत्यात. बरा कोन?” मी म्हणायचे, ते मोजता येत नाही. “मंग मोजू नगा. बगा.” मी चिडून एकदा म्हटलं, “आणि खातूनबीची कंबर गेली पाण्याच्या बादल्या उचलून, ती कुठं बघायची? तुझ्या ‘आपण’मध्ये राबणारी एकच असते, आक्का.” मग म्हणालीस, “त्ये बी खरंय. सासूच्या टायमाला मी बी आपलं आपनच म्हनायची.” आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खातूनबीच्या पोरांना फैलावर घेतलंस, बादल्या त्यांच्याकडून भरून घ्यायला लावल्यास. माझा मुद्दा खरा होता की तुझा, ते आता कुणाशी भांडू? कॉलेजातली माणसं पहिल्याच वाक्याला ‘हो मॅडम’ म्हणतात.

कॉलेजातली ही नोकरी मला त्याच रिपोर्टावर मिळाली. मी नगरला आले, लग्न मनासारखं आणि उशिरा केलं, आई अजून त्यावरून बोलते. सगळं त्या एका वाक्यानं मिळालं. मी सुखी नाही असं खोटं सांगणार नाही. आहे. म्हणूनच जास्त लागतं.

परवा विद्यापीठाला पत्र टाकलं. रजिस्टर्ड. खर्डा भागातल्या फॉर्मांमधली चूक क्षेत्रसेविकेची नव्हती, प्रश्न मी लिहिला होता, तिनं दोनदा सांगूनही मी ऐकलं नाही, आणि दुरुस्तीचा शब्दही तिचाच आहे. या वेळी नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नि नवऱ्याच्या नावासकट जसं बिल्ल्यावर होतं तसं. साहेब केव्हाच रिटायर झालेत. कुणीतरी कारकून पाकीट फोडेल, काही समजणार नाही, फाईलला लावेल. लावू दे.

इथं थांबले असते तर चाललं असतं. पण थांब्यावरचं सांगायचं राहिलं.

मांडवातून निघाले तर काशिनाथदादा मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. नको नको म्हटलं तरी आले. माइकवर जे जमलं नाही ते मी थांब्यावर बोलले. “दादा, आक्काची नोकरी…”

“ठावं हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचंय. “नाही दादा, ती जागा बंद झाली नव्हती. मी तिच्यावर…”

“ठावं हाय, बाई. तिला बी ठावं हुतं.”

मग दादांनी सांगितलं. जामखेडच्या बाजूला घेतलेल्या नव्या मुलीचं ट्रेनिंग विद्यापीठात झालं होतं, मी तिथं नव्हते. साहेबांनी म्हणे माझा खुलासा वाचून दाखवला, अशी चूक करू नका म्हणून. ती मुलगी परत आली आणि भोळेपणानं तुलाच विचारायला आली, गयाबाई, तुमची काय चूक झाली होती. म्हणजे जागा गेल्यावर दोन-तीन महिन्यांतच. मग मला आठवलं, त्या सुमाराला तू माझ्या खोलीवर यायची बंद झाली होतीस. मला वाटलं होतं खुरपणी चालू असेल. आणि नंतर एक दिवस ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आलीस आणि उंबऱ्यात बसून पहिल्यासारखी बोलायला लागलीस. पुढची एवढी वर्षं बोलत राहिलीस.

“आट दिस जेवन गोड लागलं न्हाई तिला,” दादा म्हणाले. “मला लई राग आलता, खोटं कशाला बोलू. म्हनलं, चल, आत्ताच्या आत्ता जाऊ खोलीवर, तोंडावर इचारू. तर म्हनली, बसा गुमान. इचारून काय व्हनार? बाई रडंल, आन् मंग तिला गप करायचं काम बी माझ्याच गळ्यात.”

मला तिथंच रडू फुटलं, आक्का. भर थांब्यावर, बाजार करून आलेल्या बायकांच्या समोर, तोंडाला रुमाल लावायचंसुद्धा सुचलं नाही. दादा गांगरले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“ह्ये बगा,” ते म्हणाले, “तिनं सांगितलंच हुतं.”

आणि गप कसं करायचं ते काही त्यांना येईना, म्हणून जामखेडची गाडी येईपर्यंत ते नुसते माझ्या शेजारी उभे राहिले.